वेल धरेपर्यंत

बाबल तारी गडग्यापलीकडून म्हणाला,
"वैनी, तुज्यो कोंब्यो आवर गे,
आळीच्या आळी उकरल्यानी."
बोलला एवढंच. आवाज चढवला नाही,
म्हणून जास्त लागलं.
रेतीत कलिंगडाची दोन-दोन पानं
आणि भोवती माझ्या सात जणींच्या पायांची नक्षी,
नाही म्हणायला जागाच नव्हती.

त्या दिवसापासून सातही आत.
वर फाटकी रापण ताणली,
चारी बाजूंना चिव्याच्या काठ्या,
आणि म्हटलं, बायांनो, दोन महिने.
वेल धरेपर्यंत.

कोंबडीला दोन महिने म्हणजे काय कळणार.
पहिला दिवस त्या दाराशी उभ्या राहिल्या,
एसटी चुकल्यासारख्या.
दुसऱ्या दिवशी सगळे कोपरे उकरून झाले.
तिसऱ्या दिवशी, उकरायला काही उरलं नाही म्हणून,
एकमेकींना उकरायला लागल्या.

मिरीच्या शेपटीखाली एक थेंब.
थेंबाएवढंच लाल,
पण आत दुसरं बघण्यासारखं होतं काय?
सरदारीण आली, टोचून गेली.
मग पिवळी. मग त्या दोघी मुक्या बहिणी,
ज्यांना मी कधी नावं ठेवली नव्हती.
मी मिरीला उचललं तेव्हा
ती ओरडतही नव्हती.

टोपलीखाली ठेवली, तांदळाच्या डब्याशेजारी.
आचऱ्याच्या दवाखान्यातून जांभळं औषध आणलं.
लाल दिसता कामा नये, कंपाउंडर म्हणाला,
आणि त्यांना काम द्या हो काहीतरी.

काम.
ह्यांचा दाढीचा आरसा, कोपरा उडालेला
(हे कारवारच्या लाँचवर, दाढीही तिकडेच),
तो चिव्याला बांधला.
सरदारीण दुपारभर त्या दुसऱ्या सरदारणीशी
मान उंचावून भांडत राहिली.
मुळ्याची जुडी सुतळीने टांगली
चोचीपासून टीचभर वर,
उडी मारल्याशिवाय पान नाही.
पाण्याच्या बाटलीला तापल्या खिळ्याने भोकं,
आत कणी. ढकला, लोळवा, एक दाणा घ्या.
चुलीची राख नि खाडीची वाळू घमेल्यात,
त्यात अशा लोळायच्या
की झटकेपर्यंत कुठली कोण कळेना.
मोडकं वल्हं आडवं घातलं बसायला.
फणसाचा पाला, काजूचा पाला,
आणि त्यात चिमूटभर सुका जवळा लपवून.

सोमवारी टांगलेलं बुधवारी जुनं होतं,
हे मला ठाऊक नव्हतं.
रात्री मतलई सुटली की मी आढ्याकडे बघत
एकच घोकायची, उद्या काय?
फोनवर ह्यांनी विचारलं, काय चाललंय तिकडे.
म्हटलं, आरसा पश्चिमेला हलवलाय.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मिरीला परत सोडलं ते काळोखात,
वल्ह्यावर, बरोबर मधोमध,
सकाळी जणू ती तिथेच होती.
सरदारणीने एकदा पाहिलं
आणि आरशाकडे वळली.

शिमग्याच्या आठवडाभर आधी
बाबल आला, काखेत तडकलेलं कलिंगड.
"ह्या बाजारात जावचा नाय. घाल त्यांका."
गडग्यावरच आपटून दोन फाडी केल्या,
आणि माझ्या आधी त्यानेच आत सरकवल्या.

सात चोची त्या लालात.
थेंब कसला, परातच लालाची.
गळे लाल, रस छातीवर उतरलेला,
मी ओलं फडकं हातात धरून उभी,
कुणाला आधी पुसू कळेना.
बाबलला काय समजणार माझं धाबं का दणाणलंय,
तो आपला खिशात विडी चाचपतोय.

मिरीच्या तुऱ्याखालून रस गळत होता.
सरदारीण थांबली. मान तिरकी केली,
एका डोळ्याने नीट बघितलं.
मी दाराचा खिळा काढलाच होता.

तिने मिरीच्या गालावरची
एक काळी बी टिपली,
बी तेवढीच,
आणि परत गरात तोंड घातलं.

"आणकी चार तडाकलेली आसत,"
बाबल म्हणाला.